कान तयार करणारे उन्हाळे

पॅट मेथेनीच्या घरात ट्रम्पेट पिढीजात होता. आईचे वडील ट्रम्पेटवादक, वडील ट्रम्पेट वाजवणारे आणि थोरला भाऊ माइक त्याच वाटेवर. मिसुरी राज्यात कॅन्सस सिटीजवळ लीज समिट नावाचं गाव आहे. तिथे १९५४ साली जन्मलेल्या या धाकट्याच्या हातीही घरच्यांनी आधी ट्रम्पेटच दिला. पण टीव्हीवर बीटल्स दिसले आणि पोराने गिटारचा हट्ट धरला. घरात नाराजी झाली. मग एक दिवस माइकने माइल्स डेव्हिसची ‘फोर अँड मोर’ ही तबकडी घरी आणली, आणि गिटार हातात ठेवूनच पॅट जॅझकडे वळला. पंधरा वर्षांचा होईतो तो कॅन्सस सिटीतल्या जाणत्या वादकांबरोबर कार्यक्रम करू लागला होता.

त्याच सुमारास ‘डाउन बीट’ या जॅझच्या मासिकाची शिष्यवृत्ती त्याला मिळाली आणि तो आठवडाभराच्या उन्हाळी शिबिराला गेला. तिथे गिटार शिकवायला अटिला झोलर होते, मूळचे हंगेरीचे. त्यांनी या मुलाला जवळ केलं, शिबिर संपल्यावर न्यूयॉर्कला बोलावून घेतलं आणि जिम हॉल यांची गिटार व रॉन कार्टर यांचा डबल बेस समोर बसून ऐकण्याची संधी दिली.

मेथेनीच्या कुठल्याही चरित्रपर टिपणात ही हकिगत एका ओळीत उरकलेली असते. पण ती वाचताना एक प्रश्न पडतो. हा मुलगा शिबिराला गेला तेव्हा त्याला वाजवता येत होतं, तेही रात्री पैसे घेऊन वाजवण्याइतकं. मग आठवडाभरात त्याला मिळालं काय? आणि चांगल्या शिक्षकाने त्याला पुढचे धडे देण्याऐवजी उठून दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला का नेलं?

याचं उत्तर शोधायला आणखी दहा वर्षं मागे जावं लागतं. कारण झोलरही एका उन्हाळी शिबिरातूनच घडले होते.

जुनी शाळा मोडली तेव्हा

जॅझ शिकण्याची जुनी रीत आपल्याकडच्या तालमीपेक्षा फार निराळी नव्हती. चांगल्या बँडमध्ये कसंबसं शिरायचं, मागच्या रांगेत बसायचं, गावोगाव बसने हिंडायचं आणि पुढे बसलेल्या ज्येष्ठाकडे कान देऊन उचलायचं. शिव्याही खायच्या. कॅन्सस सिटीत तर रात्र-रात्र चालणाऱ्या जॅम सेशन्स हीच परीक्षा होती, आणि नापास झालेल्याला सगळ्यांसमक्ष मंचावरून उतरावं लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा सगळा डोलारा कोसळला. मोठ्या बँडचा खर्च परवडेना आणि लोकांचं नाचणंही कमी झालं. १९४६च्या अखेरीस बेनी गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी अशा नामवंतांनी आपापले बँड मोडले. काहींनी ते पुढे पुन्हा उभे केले, पण पंधरा-वीस वादकांना बारमाही पगार देणारी आणि नवख्यांना पोटाशी धरणारी व्यवस्था पुन्हा उभी राहिली नाही. जॅझ छोट्या क्लबांत शिरला. क्लब चालत दारूच्या विक्रीवर, आणि जिथे दारू तिथे अल्पवयीन मुलांना मज्जाव. म्हणजे ज्या वयात कान सर्वांत तल्लख असतात, नेमक्या त्या वयाच्या मुलांना हे संगीत प्रत्यक्ष ऐकण्याची सोय उरली नाही.

विद्यापीठांचा आधार म्हणावा तर तोही नव्हता. टेक्सासमधल्या नॉर्थ टेक्सास स्टेट कॉलेजने १९४७मध्ये या संगीताची पदवी सुरू केली, तीसुद्धा ‘डान्स बँड’ या नावाखाली. बॉस्टनमध्ये १९४५ साली सुरू झालेली खासगी संस्था १९५४पासून बर्कली या नावाने ओळखली जाऊ लागली. अशी दोन-चार ठिकाणं सोडली तर संगीत विभागांच्या लेखी जॅझ म्हणजे नाचगाण्याचा धंदा.

या खिंडारात उन्हाळी शिबिर आलं. सुटीत शाळा-कॉलेजांची वसतिगृहं रिकामी असतात, वादकांनाही कार्यक्रमांच्या अधूनमधून उसंत मिळते, आणि आईबाप मुलाला क्लबात पाठवणार नाहीत पण शिबिराला खुशाल पाठवतात. जॅझच्या शिक्षणाचा पाया या इतक्या व्यावहारिक सोयीवर घातला गेला.

बर्कशायरमधलं गोठाघर

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला बर्कशायरच्या टेकड्या आहेत. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचं उन्हाळी घर, टँगलवूड, तिथेच. त्याच्या शेजारी व्हीटली नावाची एक श्रीमंती इस्टेट होती. स्टेफनी आणि फिलिप बार्बर या दांपत्याने १९५०मध्ये तिच्या आवारातल्या जोड-इमारती विकत घेतल्या. तबेला, बर्फघर, बागेची कोठारं असा तो पसारा. त्यातून त्यांनी ‘म्युझिक इन’ नावाची वसती उभी केली. टँगलवूडला येणाऱ्या पाहुण्यांना उतरायला जागा हा उद्देश होताच, पण बार्बर दांपत्याला लोकसंगीत आणि जॅझ यांची ओढ होती. हंटर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे मार्शल स्टर्न्स हे जॅझचे इतिहासकार तिथे उन्हाळ्यात चर्चासत्रं भरवू लागले. वादक, गायक, अभ्यासक एकत्र बसत आणि हे संगीत आलं कुठून यावर तासन्‌तास बोलत. १९५५पासून तिथल्या ‘म्युझिक बार्न’मध्ये मैफली होऊ लागल्या.

त्या काळात असं एकत्र बसणं साधं नव्हतं. कृष्णवर्णीय कलावंताने रात्री टाळ्या घ्यायच्या आणि मग झोपायला दुसऱ्या वस्तीत जायचं, असाच रिवाज देशात बऱ्याच ठिकाणी होता. म्युझिक इनमध्ये सगळे एकाच छपराखाली राहत आणि एकाच टेबलावर जेवत.

१९५७च्या ऑगस्टमध्ये इथे तीन आठवड्यांची ‘लेनॉक्स स्कूल ऑफ जॅझ’ भरली. मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे पियानोवादक जॉन लुईस तिचे संचालक. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबरात, आर्कान्सामधल्या लिटल रॉक इथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत सोडण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना सैन्य पाठवावं लागलं. लेनॉक्सचा वर्ग काय हवेत भरला होता, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

शिक्षकांची यादी वाचून आज कुणालाही हेवा वाटेल. ट्रम्पेटला डिझी गिलेस्पी, पियानोला ऑस्कर पीटरसन, बेसला रे ब्राऊन, ड्रम्सला मॅक्स रोच, व्हायब्राफोनला मिल्ट जॅक्सन. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवाले जिमी जुफ्री होते, गिटारवर जिम हॉल होते. पुढे बिल एव्हान्स आले, जॉर्ज रसेल आपला स्वरसिद्धान्त शिकवायला आले. मेट्रोपॉलिटन ऑपेरात फ्रेंच हॉर्न वाजवणारे गुंथर शुलर जॅझच्या तबकड्या लावून त्यातली एकेक जागा उलगडून दाखवत. विद्यार्थी थोडेच, त्यामुळे शिक्षकाला प्रत्येकाचं नाव ठाऊक.

आखणीत तीन धागे होते. वाद्याची एकट्याने तालीम. इतिहास आणि रचनाशास्त्राचे वर्ग. आणि छोटे वादकगट, ज्यांना एकेका ज्येष्ठाने घडवायचं. शिवाय रात्री म्युझिक बार्नमध्ये बड्या कलावंतांच्या मैफली. दिवसा ज्याच्याकडून बोलणी खाल्ली, त्यालाच रात्री मंचावर ऐकायचं. क्लबच्या दारावरून परत फिरणाऱ्या मुलासाठी ही चैन होती.

अठ्ठेचाळीस मात्रांत कुठे आहोत?

शिबिरातल्या छोट्या गटात नेमकं काय चालतं, हे थोडं जवळून पाहायला हवं, कारण या लेखाचं सगळं म्हणणं तिथेच आहे. उदाहरणाला बारा बारचा ब्लूज घेऊ. जगभरच्या जॅझ शिबिरांत पहिल्या दिवशी बहुधा हाच वाजतो.

एका बारमध्ये चार मात्रा, असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. त्याला कोरस म्हणतात. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डचे. पाचवा-सहावा मध्यमाच्या कॉर्डचा, सातवा-आठवा पुन्हा षड्जाचा. नवव्या बारात पंचम, दहाव्यात मध्यम, आणि शेवटच्या दोन बारांत घरी परत. मग लगेच नवं आवर्तन. बेसवाला चार-चार सुरांनी चालत राहतो, ड्रमर झांजेवर लय धरतो, पियानो किंवा गिटार मधूनमधून कॉर्डचे ठोके देते आणि एकेक जण आपापला सोलो वाजवतो.

आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला यात अनोळखी काही नाही. आवर्तन ठरलेलं, आतलं बोलणं ज्याचं त्याचं, आणि सम चुकली की अब्रू गेली.

पंधरा-सोळा वर्षांचा होतकरू वादक इथे हमखास एका ठिकाणी अडखळतो. घरी त्याने तबकडीबरोबर वाजवून बोटं तयार केलेली असतात. तबकडीवरचा ड्रमर त्याच्यासाठी थांबत नाही, पण त्याला दोषही देत नाही. शिबिरात समोर जिवंत माणसं असतात. आपला सोलो सुरू झाला की या मुलाला फक्त स्वतःचंच ऐकू येतं. बेस आठव्या बारात आलाय, पियानोवाल्याने आत्ता एक वाट सुचवली, ड्रमरने आवाज खाली घेऊन जागा करून दिली, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो चार कोरस वाजवतो, पण त्यांचा एकमेकांशी आणि इतरांशी संबंध नसतो.

यावर शिबिरांतले जुने उपाय असे. वाद्य खाली ठेवायला सांगायचं आणि बेसची चाल गळ्याने गायला लावायची. किंवा गटाने वाजवत राहायचं आणि याने फक्त नवा कोरस सुरू झाला की हात वर करायचा. किंवा ‘ट्रेडिंग फोर्स’ लावायचे: चार बार याने, चार बार ड्रमरने, पुन्हा चार याने. ड्रमरने काय विचारलं हे ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही, त्यामुळे मुलगा झक मारत ऐकायला लागतो.

दोन-तीन दिवसांत फरक पडू लागतो, आणि तो आधी वाजवण्यात दिसत नाही, ऐकण्यात दिसतो. रात्रीच्या मैफलीत हाच मुलगा आता सोलोवाल्याकडे न बघता पियानोवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत असतो. जेवताना तबकडीवर वाद सुरू होतात, आणि ते ‘किती जलद वाजवतो’ यावरून ‘तिथे थांबला का’ यावर आलेले असतात. जॅझची गोडी लागते ती या वळणावर. त्याआधी असतं ते कौतुक.

१९५९: प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन

लेनॉक्सच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्ट १९५९मध्ये, विद्यार्थ्यांत एक एकोणतीस वर्षांचा माणूस दाखल झाला. नाव ऑर्नेट कोलमन. हातात पांढऱ्या प्लॅस्टिकचा आल्टो सॅक्सोफोन. बरोबर बावीस वर्षांचा डॉन चेरी, त्याच्याकडे बोटभर लांबीचा वाटावा असा छोटा ‘पॉकेट’ ट्रम्पेट. दोघांचा खर्च अटलांटिक रेकॉर्ड्सने उचलला होता. जॉन लुईस यांनी त्यांना ऐकलं होतं आणि अटलांटिकच्या नेसुही एर्टेगनकडे शब्द टाकला होता. गंमत अशी, की हा विद्यार्थी आपली ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ ही तबकडी मे महिन्यातच ध्वनिमुद्रित करून आला होता. ती बाजारात यायची होती इतकंच.

कोलमनचा गट मॅक्स रोच आणि जॉन लुईस यांच्या देखरेखीखाली होता. त्यात पियानोला स्टीव्ह कून, बेसला लॅरी रिडली. वर सांगितलेली अठ्ठेचाळीस मात्रांची चौकट आठवा. कोलमन मुखडा वाजवी आणि मग चौकट सोडून देई. कॉर्डचा ठरलेला फेरा नाही, वाक्य दमाच्या हिशोबाने लहान-मोठं, सूरही पियानोच्या पट्टीत काटेकोर बसणारे नाहीत. सोबतच्या पियानोवाल्यापुढे पेचच: कुठला कॉर्ड द्यायचा, आणि द्यायचा की नाही?

शिक्षकांत उभी फूट पडली. काहींना हा अडाणीपणा वाटला. इतक्या वर्षांच्या मेहनतीने जे शिकवायचं ते न शिकताच हा पुढे कसा जातो, हा त्यांचा सवाल रास्त होता. जुफ्री मात्र हादरून गेले, पुढच्या काही वर्षांत त्यांचं स्वतःचं संगीत बदललं. शुलर आणि समीक्षक मार्टिन विल्यम्स यांनी कोलमनची बाजू उचलून धरली. त्याच नोव्हेंबरात कोलमनचा गट न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात उभा राहिला आणि हाच वाद साऱ्या शहरात पेटला.

पण आपल्याला शिक्षकांपेक्षा विद्यार्थ्यांत रस आहे. त्या वर्गात मार्गो गुरियन ही पियानो शिकलेली तरुणी होती. तिने पुढे कोलमनच्या ‘लोनली वुमन’ या रचनेला शब्द दिले. इंडियाना राज्यातला ट्रॉम्बोनवादक डेव्हिड बेकर होता. आणि गिटारच्या वर्गात, जिम हॉल यांच्या हाताखाली, बत्तीस वर्षांचे अटिला झोलर होते. १९४८ साली ते गिटार घेऊन पायी हंगेरीची सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात आले, मग जर्मनीत बरीच वर्षं वाजवली. लेनॉक्सची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून अमेरिका दिसली. राहायला त्यांच्या खोलीत दोन जोडीदार होते: कोलमन आणि चेरी.

म्हणजे दिवसा जिम हॉल. मोजकं वाजवणारे, दुसऱ्याला जागा देणारे, दोन सुरांच्या मधल्या शांततेचे मानकरी. आणि रात्री खोलीत चौकट मोडणारे दोघे. एकाच महिन्यात कानावर इतक्या टोकाचं काही पडलं की माणूस एकतर कान झाकून घेतो, नाहीतर त्याचे कान कायमचे उघडतात. झोलर दुसऱ्या जातीचे निघाले.

लेनॉक्सची शाळा १९६०च्या उन्हाळ्यानंतर बंद पडली. कारण नेहमीचंच: पैसा. जेमतेम चार उन्हाळे ती चालली.

ब्लूमिंग्टनचा दणका

त्याच १९५९च्या उन्हाळ्यात इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टनला, अगदी वेगळ्या धाटणीचं शिबिर भरलं. बँडप्रमुख स्टॅन केंटन यांचं. इथे निवडक प्रौढ विद्यार्थी नव्हते, तर हायस्कुलातली मुलं होती आणि ती शेकड्यांनी. छोट्या गटाऐवजी भलामोठा बँड: ट्रम्पेट्स, ट्रॉम्बोन्स, सॅक्सोफोन्स यांच्या रांगा, समोर स्टँडवर लिहिलेलं संगीत, आणि छातीत दणका बसेल असा आवाज.

लेनॉक्सच्या कौतुकात रमलेले अभ्यासक केंटनच्या शिबिरांना थोडं नाक मुरडतात. कागद वाचायला शिकवतात, बोलायला नाही, असा आक्षेप. तो निम्मा खरा आहे. पण पाच ट्रम्पेटच्या रांगेत चौथा ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलाला पहिल्या ट्रम्पेटच्या श्वासाबरोबर श्वास घ्यावा लागतो. सूर कुठे तोडायचा, झोल किती द्यायचा, हे कागदावर पुरतं लिहिलेलं नसतं. तेही ऐकावंच लागतं.

आणि लहान गावातल्या मुलाला आणखी एक गोष्ट तिथे मिळे. गॅरी बर्टन हा इंडियानाच्या प्रिन्स्टन या छोट्या गावातला. सहाव्या वर्षापासून मरिम्बा आणि मग व्हायब्राफोन वाजवणारा, जॅझ तबकड्यांवरून उचललेला. हे संगीत आवडणारा समवयस्क गावात सापडणं मुश्कील. सोळाव्या वर्षी तो ब्लूमिंग्टनच्या त्या शिबिराला गेला आणि संगीत हाच पेशा करायचा हे त्याच्या मनात पक्कं झालं. आपल्यासारखे वेडे आणखी आहेत, हे कळणं हीसुद्धा शिकवणीच.

पीटर अर्स्कीन तर केंटनच्या शिबिरात गेला तेव्हा सहा-सात वर्षांचं पोर होता. १९७२ साली, अठराव्या वर्षी, तो त्याच केंटनच्या बँडमध्ये ड्रमर म्हणून बसला आणि १९७८मध्ये ‘वेदर रिपोर्ट’मध्ये गेला. कीथ जॅरेटही शाळकरी वयात केंटनच्या शिबिराला जाऊन आलेला.

ऐकणाऱ्यांची वंशावळ

शिबिरं संपली तरी त्यांची रुजवण राहिली. डेव्हिड बेकर यांना जबड्याच्या दुखापतीमुळे ट्रॉम्बोन सोडावा लागला. ते चेलोकडे वळले आणि १९६८मध्ये इंडियाना विद्यापीठात जॅझची पदवी उभी केली. शुलर १९६७मध्ये बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचे अध्यक्ष झाले आणि तिथे जॅझ दाखल केला. लेनॉक्सचाच विद्यार्थी रॅन ब्लेक तिथे पुढे विभागप्रमुख झाला. ब्लेक यांची शिकवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे: कागद बाजूला ठेवा, तबकडी पुन्हा पुन्हा ऐका, पूर्ण पाठ होईतो गळ्याने म्हणा, मग वाद्याला हात लावा. आपल्या कुठल्याही जुन्या गवयाला हे ऐकून नवल वाटणार नाही.

आणि झोलर? ते शिबिरांतून शिकवू लागले. तिथेच त्यांना मिसुरीचा तो पंधरा वर्षांचा मुलगा भेटला. त्याची बोटं तयार होती, म्हणून झोलरनी बोटांकडे फार लक्ष दिलं नाही. जिम हॉल यांनी लेनॉक्सला आपल्याला जे दिलं ते देण्याचा सरळ मार्ग म्हणजे खुद्द हॉलनाच ऐकवणं. न्यूयॉर्कच्या त्या दौऱ्याचा अर्थ असा लागतो.

पुढची साखळी तर कुणी जुळवून आणावी अशी आहे. १९७४मध्ये मेथेनी गॅरी बर्टनच्या गटात गेला. शिबिरातून निघालेले दोघे एकत्र आले. १९७६च्या ‘ब्राइट साइझ लाइफ’ या पहिल्या तबकडीवर मेथेनीने ऑर्नेट कोलमनच्या रचना घेतल्या. १९८६मध्ये ‘साँग एक्स’ आली, त्यात कोलमन आणि मेथेनी खांद्याला खांदा लावून वाजवतात: गुरूचा खोलीतला जोडीदार आणि गुरूचा शिष्य. आणि १९९९मध्ये जिम हॉल आणि मेथेनी या दोन गिटारांची जोड-तबकडी निघाली. झोलर तोवर राहिले नव्हते, १९९८च्या जानेवारीत ते गेले. मात्र १९७०च्या दशकात त्यांनी व्हरमाँट राज्यात स्वतःचे उन्हाळी वर्ग सुरू केले होते, आणि त्यातून उभं राहिलेलं व्हरमाँट जॅझ सेंटर आजही चालू आहे.

पवई, पळस्पे, ताजमहाल

या गोष्टीचे धागे आपल्या दारापर्यंतही येतात. १९५८मध्ये म्युझिक इनला मॉडर्न जॅझ क्वार्टेटबरोबर वाजवणारे सनी रोलिन्स पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत पवईच्या चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिले, आणि १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त मुंबईकरांनी त्यांना मंचावर ऐकलं. डॉन चेरी जन्मभर विद्यार्थीच राहिला. त्याने रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे धृपदाचे धडे घेतले. पनवेलजवळ पळस्पे इथलं गुरुकुल ते याच डागरांचं. चेरीबरोबर युरोपात तबला आणि तालवाद्यं वाजवणारा त्रिलोक गुर्टू हा ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचा मुलगा.

आपल्याकडे जॅझची शिबिरं नव्हती, पण शाळा होती. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. तो पाया घेऊन पोरं मुंबईला येत. १९३५पासून ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकेचे कृष्णवर्णीय कलावंत वाजवू लागले, आणि गोव्याच्या वादकांनी जॅझ त्यांच्या शेजारी बसून उचलला. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, याच पिढीचे. त्यांचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या संगीतात शिरला आणि भगवानदादांच्या १९५१च्या ‘अलबेला’तून घराघरात पोहोचला. कागद वाचण्याची चर्चची शिस्त आणि ज्येष्ठाशेजारी बसून भरलेले कान, हा जोड लेनॉक्सच्या आधी वीसेक वर्षं अपोलो बंदरावर जमला होता.

आठवड्याची किंमत

आज अमेरिकेत उन्हाळी जॅझ शिबिरांना तोटा नाही. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड जॅझ वर्कशॉप १९७२पासून चालतं. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७पासून साथीच्या तबकड्या आणि पुस्तकं काढली, त्यांचे शंभराहून जास्त भाग निघाले, आणि लुइव्हिलच्या त्यांच्या उन्हाळी वर्गांत मुलांच्या पिढ्या शिकल्या.

तक्रारीही आहेत. कुठल्या कॉर्डवर कुठली स्वरमालिका हे कोष्टक पाठ करून सगळे सारखेच वाजवू लागले, अशी एक. दुसरी जास्त बोचरी आहे. निवासी शिबिराची आठवड्याची फी हजारो डॉलरांत जाते. वर उल्लेखलेल्या माणसांपैकी मेथेनी, कोलमन, चेरी, झोलर असे चौघे शिष्यवृत्तीवर किंवा दुसऱ्याच्या खर्चाने आले होते. ते पैसे कुणी दिले नसते तर ही वंशावळ पहिल्याच पायरीवर तुटली असती. कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेलं संगीत शिकायला श्रीमंत उपनगरांतली मुलं जास्त येतात, हा विरोधाभास शिबिर चालवणाऱ्यांनाही छळतो.

आता मुंबई-पुण्यातल्या किंवा मडगावातल्या मुलाला पडद्यावर सगळं मिळतं. माइल्स डेव्हिसपासून मेथेनीपर्यंत सगळे फुकट, हवे तितक्यांदा, हव्या त्या गतीने. बोटांना त्याचा उपयोग आहेच. पण पडद्यावरचा ड्रमर आपलं ऐकत नाही. आपण सम चुकवली तर त्याच्या कपाळावर आठी पडत नाही, आणि आपण जागा सोडली तर ती भरायला तो पुढे येत नाही. त्यासाठी चार मुलं, एक जाणता आणि कुठल्या तरी शाळेची सुटीतली रिकामी खोली लागते. बाकीचा थाट नसला तरी चालतो.

शिबिरातून परतलेल्या मुलाला घरचे हौसेने विचारतात, काय शिकलास, वाजवून दाखव. तो पूर्वीपेक्षा कमी सूर वाजवू लागला असेल, मधेच थांबत असेल, आणि आपलं संपल्यावर दुसऱ्याचं ऐकायला मान वळवत असेल, तर आईबापांनी निराश होऊ नये. फी वसूल झाली आहे.